वास्वा उडाला

कंपाला,
बुधवार, जानेवारीची बहुधा सत्तावीस

नालोंगो आई,

रात्र कशी गेली? गुडघा कसा आहे? काटोचं गॅरेज उघडलं का, की मिलिटरीच्या गाड्या अजून न्येन्डोच्या नाक्यावरच उभ्या आहेत? कोंबड्या, केळीची बाग, पलीकडची ती सारखी वाकून बघणारी शेजारीण, सगळ्यांची चौकशी केली असं समजा. तुमच्याकडे एकेकाचं नाव घेऊन विचारायची पद्धत आहे आणि मी ती एका दमात उरकतोय, म्हणून तुम्ही म्हणाल, ‘आरुआचा तो आरुआचाच.’ म्हणा. तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.

पार्सल पोचलं. मरून रंगाचा स्वेटर, पायमोजे आणि तळलेल्या नाकतोड्यांची बरणी. सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय, ‘केनियात थंडी असते. वास्वाला पोचवायची सोय कर. बरणी मधे उघडू नकोस, मेल्या.’ बरणी मी उघडली. मूठभर खाल्ले. या वर्षी मीठ जरा कमी पडलंय.

पार्सल मी पुढे पाठवलेलं नाही. का, ते सांगायला हे पत्र. ते तुम्हीच वाचा, काटोला वाचून दाखवायला देऊ नका. फोनवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत म्हणून तो वाचतो ते ठीक, पण हे मी मुद्दाम तुमच्या बायबलातल्या अक्षराएवढं मोठं काढलंय. आणि शुक्रवारच्या आत तुम्हाला कंपालाला यावं लागेल. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझं तुम्हाला माहीत आहे, निघतो एका गावाला आणि उतरतो दुसऱ्याच.

फोन का नाही केला, म्हणाल. एक तर फोनवर आता कोण कोण कान लावून असतं, देव जाणे. दुसरं म्हणजे परवा तुम्ही फोन केला होतात आणि मी तो घेतलाही होता. तुम्ही विचारलंत, ‘तिकडे फार गार आहे का रे?’ आणि मी म्हणालो, ‘हो, गार आहे.’ तेवढंच बोललो आणि ठेवला.

गार होतंच. त्याच्याकडे मी येतोच आहे.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो ते आठवतं? मला खरं तर म्बराराला जायचं होतं. पण लॉरीच्या ड्रायव्हरशी भांडण झालं, त्याला दिवसभर प्रवचनं लावायची होती आणि मला गाणी, तर त्यानं मला मासाकाच्या बाहेर रस्त्यावर उतरवलं. फोन चार्ज करायच्या टपरीवर वास्वा भेटला. ‘कुठला तू?’ ‘आरुआचा.’ ‘मग इकडे काय करतोस?’ ‘अजून ठरलं नाही.’ तो एवढा हसला की दातांमधली फट पूर्ण दिसली, आणि मला सरळ घरी घेऊन आला. तुम्ही पळी हातात घेऊन दारात. नाव विचारलंत. मी सांगितलं, द्राणी. ‘म्हणजे काय?’ ‘मरणापायी.’ आमच्याकडे नावातच मरण घालतात, त्यात काही विशेष नाही, आमच्या गल्लीत चार जण होते तसे. पण तुम्ही पळीच उगारलीत. ‘अगं बाई! मी नालोंगो, जुळ्यांची आई! असलं नाव घेऊन माझ्या वास्वा-काटोच्या घरात? बाहेर बस. जेवण तिथंच आणते.’ जेवण आणलंत, मग पाऊस आला म्हणून आत बोलावलंत, आणि मग मी तो पावसाळा संपेपर्यंत हललोच नाही.

त्याच मुक्कामात वीटभट्टीवाल्याची ती मुलगी, जुळ्यातली थोरली, तापानं गेली. मी चार माणसांत विचारलं, ‘कशानं मेली?’ तुम्ही मला कान धरून मागच्या अंगणात नेलंत. ‘जुळं मरत नाही रे, उडतं. तो शब्द त्यांच्यासाठी नाही. पुन्हा तोंडातून काढलास तर जीभ हासडीन.’ मी म्हटलं, मग रडायचं काय म्हणून? तर म्हणालात, जुळ्याची आई रडत नसते. मी विचारलं, मग तिनं करायचं काय? झाडू घेतलात आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागलात.

मला दिवसातनं दहा वेळा ‘मेल्या’ म्हणायचात. कोंबड्यांना म्हणायचात, रेडिओला म्हणायचात, पाळकांच्या पाठीमागे त्यांनाही म्हणायचात. वास्वाला आणि काटोला कधीही नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता कामाचं सांगतो. आम्ही दोघं ज्या कंपनीचं काम करायचो ती परदेशातली. नाव लांबलचक आहे. चित्रात भुंगा आहे म्हणून टॅक्सी स्टँडवर सगळे तिला भुंगाच म्हणतात. ते व्हीपीएन काय असतं ते वास्वानं तुम्हाला स्वयंपाकघरात समजावलं होतं, मी केळी सोलत बसलो होतो. ‘सरकारनं व्हॉट्सअ‍ॅपचं दार लावलं ना आई, की आपल्या फोननं मागच्या खिडकीतून उडी मारायची, परदेशात जायचं आणि तिथल्या दारानं आत यायचं.’ तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे चोरी.’ तो म्हणाला, ‘स्वतःच्याच घरात शिरणं ही कसली चोरी?’ तुम्ही म्हणालात, ‘मग खिडकीतून का?’ मला त्या दिवशी फार मजा वाटली.

आमचं काम एवढंच. कंपनीकडून इंग्रजीत बातम्या यायच्या: अमुक देशाचा रस्ता बंद पडलाय, तमुक सुरू झालाय, नवी आवृत्ती उतरवून घ्या. वास्वानं ते तुमच्या भाषेत लिहायचं आणि कंपनीच्या यंत्रानं रोज सकाळी सातला सगळ्यांच्या फोनवर सोडायचं. मी फोन घेऊन शहरभर हिंडायचो, कुठल्या टेकडीवर चालतंय, कुठं अडतंय ते बघायला. म्हणजे हिंडायलाच ठेवला होता मला. असलं काम पुन्हा मिळणार नाही.

आमच्या आधी जो होता तो लिहायचा, ‘कृपया पर्यायी स्थानाशी जोडणी प्रस्थापित करावी.’ बाजारातल्या बायका विचारायच्या, हे लग्न लावताना म्हणायचं आहे का? वास्वानं पहिल्याच दिवशी ते सगळं खोडलं आणि एकच शब्द लिहिला. ‘उडा.’

मी म्हटलं, ‘अरे, हा तुमचा तो शब्द ना? तुझी आई मला झाडूनं मारेल.’

‘तुला कशाला मारेल? लिहिलंय मी.’

‘तुला ती मारत नाही, मलाच मारते.’

‘हे बघ,’ तो म्हणाला, ‘जुळा मी आहे. शब्द माझा आहे. एरवी मी नसताना दुसरे माझ्याबद्दल वापरणार. त्याआधी मीच थोडा वापरून घेतो.’

असं हसत हसत बोलला. मीही हसलो.

तो शब्द किती पसरला ते तुम्ही न्येन्डोत बसून ऐकलंच असेल, पण इथं बघायला हवं होतं. केळीवाली टोमॅटोवालीला हाक मारायची, ‘उडालीस का गं?’ ‘कधीच. हॉलंडात बसलेय. तू?’ ‘माझा कोंबडा नुसता पंख फडफडवतोय.’ बोडावाले, ते मोटरसायकलवरून गिऱ्हाईक नेणारे, सिग्नलला एकमेकांना विचारायचे. एक पाद्री प्रवचनाच्या मधे फोन दाखवून म्हणाला, माझा उडत नाही, कुणाला येतं का? आणि नाताळात आम्ही घरी आलो तेव्हा वास्वानं तुमच्यासमोर तो शब्द काढला, तुम्ही त्याच्या मनगटावर चापट मारलीत, दोन दिवस त्याच्याशी धड बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसून तुम्हीच विचारलंत, ‘काटो, तुझा फोन उडाला का रे?’ आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. तुम्ही म्हणालात, ‘दात काय काढता? मलाही बहिणीचे फोटो बघायचेत.’

त्या दिवशी तुमच्या घरात त्या शब्दाला दोन अर्थ झाले, आई. मी त्या क्षणी तिथं होतो आणि मला काहीसुद्धा जाणवलं नाही. मी चहात साखर घालत होतो.

निवडणूक जवळ आली तसं सगळ्यांना कळलं की इंटरनेट जाणार. वास्वानं मतदानाच्या आधीच पुढच्या बऱ्याच दिवसांचे निरोप लिहून कंपनीच्या यंत्रात भरून ठेवले. इंटरनेट गेलं तरी साधा एसएमएस पोचतो, म्हणून तसे. मी त्याला म्हटलं, पुढं काय होणार ते तुला काय माहीत? तो म्हणाला, ‘काही का होईना, सकाळी सातला कुणीतरी बोललं की माणसाला बरं वाटतं.’ बाकावर आडवा पडून लिहीत होता. ‘मंडळी, सिंगापूरचा रस्ता तुंबलाय. हॉलंडवरून उडा. बॅटरी जपा. तुमचा वास्वा.’ ‘आज काहीच चालत नसेल तर फोनला शिव्या देऊ नका. त्याचा दोष नाही.’ ‘मी पोचलो बरं का. थोडा वारा आहे, बाकी उत्तम. तुम्हीही या.’ त्याला ते विमानाच्या कप्तानासारखं बोलायला आवडायचं. उभ्या जन्मात विमानात बसला नव्हता.

तुम्ही हे निरोप ऐकता ते मला ठाऊक आहे. काटोनं फोनवर सांगितलं, सकाळी सात वाजले की तुम्ही हात पुसून त्याच्याजवळ येऊन बसता आणि म्हणता, ‘वाच, काय म्हणतोय?’

थांबतो जरा. खाली जाऊन पाणी पिऊन येतो.

आलो. खाली मारबू पक्षी कचऱ्यावर उभे होते, त्यांना बघत बसलो. किती कुरूप असावं एखाद्यानं. असो.

त्याला नेलं तेव्हा मी इथं नव्हतो. म्बालेला कांदे घेऊन चाललेल्या गाडीत बसलो होतो, तिकडच्या डोंगरात फोन चालतो का बघायला. म्हणजे तसं सांगून. खरं तर मला डोंगर बघायचा होता. परत आलो तर खालूनच दिसलं, खोलीचं दार बिजागरीतून निखळलेलं. खाली फोन दुरुस्त करणारी नाबुकेन्या बसते, तिनं मान वर न करता सांगितलं, ‘गाडी आली होती. नंबर नसलेली. वर जाऊ नकोस, वर काही उरलं नाही.’ मी विचारलं, तो काही बोलला का? ‘बोलला. जाताना मला म्हणाला, चपातीवाल्याकडे अंडं गुंडाळलेले दोन रोलेक्स सांगितलेत, द्राणी आला तर त्याला एक दे, अंडं गार झालं असेल.’ तिनं तो फडक्यात बांधून ठेवला होता. मी उभ्यानंच खाल्ला. माणूस काय करतो आणि का करतो, मला नाही सांगता येणार.

मग मी चौकी चौकी हिंडलो. सगळीकडे एकच उत्तर, असा कुणी नाही. एका ठिकाणी तर मलाच बसवून ठेवलं आणि मग विसरले, म्हणून मी उठून आलो.

आणि मग काटोचा फोन. तो ओरडतच होता. ‘ऐकलंस का? वास्वा उडाला! आत्ता मेसेज आला, अनोळखी नंबरवरून. वास्वा उडाला, नालोंगोला सांभाळा! सुटला बघ, सीमेपार गेला! मला म्हणतो आईला सांभाळ. अरे, आई नाचतेय इथं.’ मागून तुमचा आवाज येत होता. आई, मीसुद्धा तेच समजलो. दुसरं काही मनात आलं नाही. मी खाली जाऊन नाबुकेन्याला मिठी मारली, तिनं माझ्या हाताला डाग दिला कारण तिच्या हातात गरम डागणी होती. आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याचा निरोप आला, ‘मी पोचलो बरं का. थोडा वारा आहे.’ मग तर शंकाच उरली नाही. तो निरोप कधीचा लिहून ठेवलेला होता हे मला माहीत होतं, मी समोर बसलो होतो लिहिताना. तरीही मला शंका आली नाही. तुम्ही कोंबडी कापलीत, शेजाऱ्यांना जेवायला बोलावलंत, ते मी ऐकलं. बरोबरच केलंत.

परवा दुपारी एक म्हातारा जिना चढून आला. कासिरिवू नाव, दूध विकतो सायकलवर. वास्वाला नेलं त्याच फेरीत त्यालाही उचलला होता, का ते त्याला अजून कळलेलं नाही. पाय सुजलेले, एकेका पायरीवर थांबत आला. मी पाणी दिलं.

‘तूच आरुआचा का?’

‘हो.’

‘पोरानं सांगितलं होतं, तुला भेट म्हणून. सुटलो तसा आधी त्याच्या भावाला कळवलं. नंबर माझ्याकडून पाठ करून घेतला होता त्यानं. नीट कळवलं बरं का.’

मी विचारलं, काय कळवलंत?

‘काय म्हणजे? जुळ्याच्या घरी काय कळवतात तेच. वास्वा उडाला. नालोंगोला सांभाळा.’ आणि माझं तोंड बघून त्याला जरा राग आला. ‘मग काय लिहायचं होतं? मेला, असं? मी काय अडाणी आहे, आईला असला शब्द पाठवायला?’

मी म्हटलं, नाही बाबा, बरोबर लिहिलंत.

त्याच्याकडे तो बटणांचा जुना फोन. त्याला भुंगाही माहीत नाही आणि सकाळी सातही माहीत नाही. त्यानं किती काळजीनं शब्द निवडला होता, आणि तो तुमच्याकडे कसा पोचला हे मी त्याला सांगितलं नाही. तुम्हीही भेटलात तर सांगू नका.

आत काय झालं ते त्यानं मला सांगितलं. मी तुम्हाला सगळं लिहिणार नाही. एवढंच, की विचारणारा माणूस तुमच्या भाषेचा नव्हता. त्याच्याकडे निरोप कागदावर लिहून घेतलेले होते. ‘उद्या सगळे मिळून उडू या.’ तो पुन्हा पुन्हा विचारायचा, कोण उडणार? कुठून? कशावर उडी घालणार? वास्वा पहिल्यांदा हसला. म्हातारा म्हणाला, ‘हसायला नको होतं पोरानं.’ मग त्यानं समजावायचा प्रयत्न केला, फोन उडतो म्हणून. मग तेही त्याला बोलता येईना. शेवटी म्हाताऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. चहा आला तेव्हा उठला नाही.

त्याच संध्याकाळी मी गेलो बघायला. मोठ्या सरकारी शवागारात, मागच्या बाजूनं आत जातात. तिथं गार असतं. पाचव्या का सहाव्या कप्प्यात होता, नावाच्या जागी ‘अनोळखी पुरुष’. अंगात भुंग्याचा तो पिवळा टीशर्ट. मी ओठ जरासा बाजूला करून दातांमधली फट बघितली. दुसरं कुणी असावं म्हणून बघितली. तोच होता.

मी म्हटलं, मी घेऊन जातो याला. तिथल्या माणसानं विचारलं, नात्यातला का? मी म्हटलं, हो. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पेन खाली ठेवला. ‘आरुआचा माणूस मासाकाच्या पोराचा कोण?’ रक्ताचं माणूस आण म्हणाला. आई किंवा भाऊ. शुक्रवारी बेवारसांची गाडी भरतात आणि शहराबाहेर नेऊन एकाच खड्ड्यात घालतात. त्यानंतर कुणालाच काढून देता येत नाही, मंत्री आला तरी.

कंपनीला मी लिहिलं, निरोप थांबवा, लिहिणारा आता नाही. तिकडून उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. या भागात आमच्या बातम्यांना उत्तम प्रतिसाद आहे.’ मी पुन्हा लिहिलं. तेव्हा कुणीतरी खऱ्या माणसानं उत्तर दिलं, फार वाईट वाटलं वगैरे, आणि खाली विचारलं की पुढचे निरोप मी त्याच नावानं लिहीन का. लोकांचा त्या नावावर विश्वास आहे म्हणे. मी अजून काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. पण भरून ठेवलेले संपेपर्यंत ते येतच राहणार. उद्या सकाळी सातलाही येईल. काटो वाचायला लागेल. त्याला वाचू द्यायचं की आधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. जुळ्या भावाला ते कोणत्या शब्दात सांगतात हे मला माहीत नाही, आणि ते आईच्याच तोंडून जायला हवं एवढं मला कळतं.

हे पत्र मी काल एकदा लिहिलं होतं. त्यात सरळ लिहिलं होतं, वास्वा खरोखरच उडाला. वाचून बघितलं आणि फाडलं. कारण तुम्ही ते वाचून पुन्हा हसला असतात. म्हणाला असतात, हो रे, माहीत आहे, स्वेटर पोचव. ‘जुन्या अर्थानं उडाला’ असं लिहून बघितलं. तेही खोडलं. तुमच्या लोकांनी तो शब्द याच दिवसासाठी जपून ठेवला होता, की आईला दुसरा ऐकायला लागू नये. आम्ही तो बाजारात वापरून वापरून गुळगुळीत केला. आता तो या कामाला पुरत नाही. दुसरा कुठला मऊ शब्द तुमच्या भाषेत असेल तर तो मला कुणी शिकवला नाही.

म्हणून जो मला येतो तोच लिहितो. मी बाहेरचा आहे, माझ्या नावातच तो आहे, मला सोडून द्या.

आई, वास्वा मेला.

लिहिलं. जीभ हासडायची असेल तर मी समोरच आहे.

रडू नका असं मी म्हणणार नाही. तुमच्यात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक. वीटभट्टीवाल्याच्या घरी तुम्ही पुढे होऊन सगळं केलं होतंत, जुळ्यासाठी जे वेगळं करायचं असतं ते, तेव्हा मला लांब बसवलं होतं, म्हणून मला त्यातलं काही येत नाही. त्याला गुंडाळायला झाडाच्या सालीचं कापड मात्र घेऊन या. इथं मिळतं ते पातळ आहे, यंत्रावर ठोकलेलं, मी हात लावून बघितलं. सालोंगोंच्या, त्याच्या वडिलांच्या थडग्याशेजारी केळीत जागा आहे ना? ती वरच्या अंगाची, जिथं पाणी साचत नाही? काटोला म्हणावं खणायला मीही येतो. पण तुमच्या पद्धतीत जुळ्या भावानं खणायचं नसेल तर मी एकटा खणीन. मला खणता येतं.

आता शेवटचं. हे पत्र ज्यानं तुमच्या हातात दिलं तो मुकीबी, मासाकाच्या टॅक्सीचा ड्रायव्हर. तो गेलेला नाही. दाराबाहेर गाडी घेऊन उभा आहे. मी त्याला सांगितलंय, बाई वाचून होईपर्यंत थांब, किती का वेळ लागेना, हॉर्न वाजवू नकोस, आणि दुसरं गिऱ्हाईक भरू नकोस. तो तुम्हाला काही विचारणार नाही. चप्पल घाला, काटोला हाक मारा आणि पुढच्या सीटवर बसा, मागे फार हादरे बसतात.

मी शवागाराच्या मागच्या दाराशी आहे. या वेळी कुठंही जात नाही.

द्राणी